बाळाची शेजारीण, आईची खोली

पोटावर पसरलेल्या जेलीचा तो थंडगार स्पर्श माझ्या कातडीला अजून आठवतो. शिरूरमधली सोनोग्राफीची ती खोली भरदुपारीही अंधारी असे. बाहेर पुणे-नगर रस्त्यावर अवजड वाहनांचा अखंड कल्लोळ, आणि आत पडद्यावरून झिरपणारा राखाडी उजेड, यंत्राची मंद घरघर आणि माझ्याच श्वासाचा आवाज. त्या निःशब्दतेत एकाएकी ठोके उमटले. केवढे द्रुत, केवढे उतावीळ! दूरवरून कुणीतरी भरधाव दौडत माझ्याच दिशेनं येत होतं. घोड नदीच्या काठी वसलेल्या गावात त्या आवाजाला टापांखेरीज दुसरी उपमा मला सुचावी तरी कशी?

मी डोळे भरून पाहत होते, तेवढ्यात डॉक्टर मॅडमनी पडद्यावर बोट सरकवलं. "हे तुमचं बाळ," त्या म्हणाल्या, "आणि ही त्याची शेजारीण." बाळाच्या खालच्या अंगाला एक वाटोळी, गडद आकृती निवांत बसली होती, तीच घराची मूळ मालकीण असावी आणि बाळ काल आलेलं पाहुणं असावं, अशा थाटात. फायब्रॉइड, मॅडमनी नाव सांगितलं. गर्भाशयाच्या स्नायूतच वाढलेली गाठ, साधारण मोसंब्याएवढी.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. सूक्ष्मदर्शकाखाली खोडाचे काप बघण्यात माझं निम्मं आयुष्य गेलेलं आहे, त्यामुळे अनोळखी आकृती पाहून दचकण्यापेक्षा ती नीट पाहण्याचीच मला सवय. पण ही आकृती माझ्या स्वतःच्या देहात होती आणि तिच्याशेजारी जे धडधडत होतं, त्याची आम्ही नवराबायकोनं लग्नानंतर बरीच वर्षं वाट पाहिली होती. उपचार झाले होते, आशा झाली होती, निराशाही झाली होती. अखेर आम्ही तो विषय गुंडाळून माळ्यावर टाकून दिला होता. आणि मग, कुणीही न बोलावता, हे आलं. ते येऊन टिकेल की नाही, एवढाच एक प्रश्न त्या दिवसापासून आमच्या घरात उठत-बसत होता.

मॅडम फार सरळ बोलतात. त्यांनी सांगितलं की ही गाठ म्हणजे कर्करोग नव्हे. कितीतरी बायकांना ती असते आणि आयुष्यभर तिचा पत्ताही लागत नाही. गरोदरपणातही बहुतेकींना ती काही करत नाही. पण तुमची बसली आहे अगदी खाली, गर्भाशयाच्या तोंडापाशी. कदाचित मधल्या महिन्यांत दुखेल. कदाचित बाळाला डोकं खाली करायला जागा देणार नाही. आणि बाळंतपणाच्या वेळी रक्तस्राव जास्त होऊ शकतो. क्वचित इतका, की आईचा जीव वाचवायला गर्भाशयच काढावं लागतं. "बाळ हवं आणि तुम्हीही हव्यात," त्या म्हणाल्या, "गर्भाशयही राखायचा मी पुरता प्रयत्न करीन." सतीशनं, माझ्या नवऱ्यानं, विचारलं की मग आता उपचार काय? तर म्हणाल्या, लक्ष ठेवायचं. गोळ्या लोहाच्या घ्यायच्या, ठरल्या वेळी सोनोग्राफीला यायचं, दुखलं तर मनानं औषध न घेता मला फोन करायचा, आणि अंगावर रक्त दिसलं तर फोन करण्यातही वेळ न घालवता थेट यायचं.

गाठ हा शब्द ऐकला की ललित लिहिणाऱ्याची लेखणी कशी चाळवते, ते मला ठाऊक आहे! रेशीमगाठी, खूणगाठी, पदराच्या गाठी, सगळ्या रांगेत येऊन उभ्या राहतात. मी त्या मोहात पडणार नाही. मला आठवला तो आमच्या दौंडकडच्या शिवारातला ऊस. उसाचं बेणं लावताना आप्पा, म्हणजे माझे वडील, कांडीवरचं पेरकूट, म्हणजे पेरावरची गाठ, चाचपून बघत, कारण कोंब फुटणारा डोळा तिथंच असतो. गुळगुळीत, सरळ कांड्याला काही उगवत नाही. एवढं आठवलं आणि सोनोग्राफीच्या खोलीतून मी सरळ चालत बाहेर आले. सतीश मात्र जिन्यावर दोनदा थांबला.

आमचं घर शिक्रापूरला. महामार्गापासून थोडं आत, मोठ्या अंगणाच्या एका बाजूला आमची राहत्या खोल्यांची रांग आणि समोरच्या बाजूला सासऱ्यांनी बांधलेल्या भाड्याच्या खोल्या. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या, आमच्याकडची रीतच तशी. मामांच्या खोल्यांमधून कंपन्यांत काम करणारी माणसं राहतात. कुणी लातूरचं, कुणी बिहारचं, कुणी आणखी कुठलं. एका शिफ्टची माणसं निजतात तेव्हा दुसऱ्या शिफ्टची आंघोळी करतात. या इतक्या माणसांचा संसार मामा सांभाळतात तो त्यांच्या स्वतःच्या कायद्यानं, आणि त्यातलं पहिलं कलम असं की भरल्या घरातून माणूस काढायचा नाही. खोलीत कुणी आजारी असेल, कुणी दिवस गेलेली असेल, लेकराची परीक्षा असेल, तर भाडेकरू कितीही खट असो, मामा त्याला हात लावत नाहीत. "दिस जाऊ द्या," म्हणतात, "मंग बघू त्याचं."

घरी मी सगळं सांगितलं. लपवाछपवी मला जमत नाही, आणि पोट तरी कुठं लपतं? उलट गाठीमुळे ते महिन्यांच्या मानानं मोठंच दिसू लागलं आणि समोरच्या खोल्यांमधल्या बायकांनी एकमतानं निकाल देऊन टाकला की जुळं आहे. आत्यांना खरं काय ते माहीत होतं. तरी कुणी विचारलं की त्या बिनदिक्कत म्हणत, "व्हय, दोगं हायती." मी एकदा त्यांना म्हटलं, आत्या, उद्या एकच निघालं तर काय सांगाल? त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "सांगू की, मोजायला चुकलो. पर गाठ म्हनलं की लोकं तोंड बारीक करून येत्यात. मला माझ्या दारात तसली तोंडं नगंत." त्यांचं हे राजकारण पाहून मला हसू आवरेना.

माझ्या आईला मात्र फोनवर सांगितलं, तेव्हा ती शेतात होती, वाऱ्याचा आवाज येत होता. मग तिनं हळूच विचारलं, "गाठ म्हंजी... ती का?" आमच्या गावाकडे त्या रोगाचं नाव कुणी घेत नाही. नाही आई, ती नव्हे, मी सांगितलं. पुन्हा सांगितलं, मॅडमचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ती व्हय व्हय म्हणत राहिली. पण नुसत्या शब्दांनी आईचं मन कधी निवलं आहे का?

पाचव्या महिन्यात ते दुखणं आलं. सकाळी मी फळ्यावर पानाचा छेद काढून घरी परतले होते, डबा धुवायला वाकले, आणि ओटीपोटात उजव्या बाजूला कुणीतरी सुरा खुपसून तो तसाच फिरवावा तशी कळ उठली. घामानं मी भिजून गेले. सतीश रांजणगावला कंपनीत होता. मामांनी समोरच्या खोलीतल्या रिक्षावाल्याला हाक मारली आणि ट्रकच्या गर्दीतून वाट काढत त्यांनी मला शिरूरला नेलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ते रिक्षावाल्याला म्हणत, "सावकास रं, सावकास," आणि लगेच पुढच्या श्वासाला, "हाण की गड्या लवकर!"

मॅडमनी आधी ठोके ऐकवले. दुखण्याच्या त्या वणव्यातही ते तसेच दौडत होते! मग त्यांनी समजावलं की गाठ वाढली, पण तिच्या वाढीला पुरेल एवढं रक्त तिला मिळेना. म्हणून ती आतल्या आत करपते आहे, आणि हे दुखणं तिचं आहे. बाळाचं नाही. सलाइन लागली, गरोदरपणात चालणारं वेदनाशामक मिळालं, आणि रुग्णालयात पडून राहण्याचा हुकूम झाला. वेदनेचं एक नवल मला तेव्हा कळलं. ती कुणाची आहे हे एकदा समजलं की ती तेवढीच राहते, पण तिचा धाक ओसरतो. मी दात आवळून पडून राहिले आणि मनात म्हटलं, करप बाई, तुला करपायचं तेवढं. माझ्या लेकराला धक्का लावू नकोस म्हणजे झालं.

सतीशनं फोन केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आई आली. दौंडहून न्हावऱ्याच्या रस्त्यानं, दोन एसट्या बदलून, पदरानं तोंड पुसत. तिच्या हातात नेहमीची पिशवी होती आणि पिशवीत नेहमीची पाण्याची बाटली. या बाटलीविषयी सांगायलाच हवं. आमच्या घराण्यात रीत अशी की लेक दिली की तिच्या घरचं पाणीसुद्धा आईबापांनी प्यायचं नाही. लेकीची कूस उजवेपर्यंत नाही. आजकाल कोण पाळतं हे? कुणी नाही. आमच्या भावकीतल्या बायका लेकीच्या घरी जाऊन आमरस-पुरीवर ताव मारतात. पण माझी आई पाळते. लग्न झाल्यापासून ती शिक्रापूरला आली की उंबऱ्याच्या आत न येता अंगणातल्या बाजेवर बसायची, दौंडहून भरून आणलेलं पाणी प्यायची, घरून बांधून आणलेली भाकरी खायची आणि उन्हं कलायच्या आत निघायची. आत्यांनी किती आग्रह केले, रुसून पाहिलं, एकदा तर चहाचा कप तिच्या हातात कोंबला; तो तिनं हसत हसत शेजारच्या पोरीला देऊन टाकला. आम्ही थट्टा करायचो. पण वर्षं सरत गेली आणि पाळणा हलेना, तसतशी ती बाटली बघून मला आत कुठंतरी दुखू लागलं होतं. आईनं तिच्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही, म्हणून तर जास्तच.

आईनं माझ्या कपाळावर हात ठेवला आणि ती मॅडमच्या समोर जाऊन उभी राहिली. "काढून टाका ती गाठ," ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता काढा. माझी लेक तडफडतीया." मॅडमनी तिला खुर्ची दिली. आता गर्भाशयाला रक्ताचा पूर आलेला आहे, आता गाठीला सुरी लावली तर ते रक्त थांबवणं कठीण, आणि बाळही जाईल, असं त्यांनी सांगितलं. आईला पटेना. काट्यानं काटा काढायची, कीड दिसली की फांदी छाटायची, अशा घरातली ती बाई. दिसणारी पीडा जागेवर ठेवून नुसतं बघत बसायचं, हा कसला इलाज? ती दाराशी येऊन रडू लागली, तेव्हा मामा उठले. व्याह्यानं विहिणीशी किती बोलावं याच्या मर्यादा आमच्याकडे मोठ्या, पण त्या दिवशी त्यांनी त्या बाजूला ठेवल्या. "विहीणबाई," ते म्हणाले, "माझ्या खोल्यांत येक भाडेकरू हाय, लई त्रास देतोय. पर शेजारच्या खोलीत बाळंतीण हाय. आता ह्याला काढाया गेलो तर भांडान व्हईल, आदळआपट व्हईल, आन् त्रास कुनाला? त्या बाळंतिनीला. म्हनून म्या गप बसलोय. भ्यालो न्हाई, गप बसलोय." आईनं डोळे पुसले. पटलं की नाही कोण जाणे, पण त्या दिवसापासून तिनं काढून टाका हा शब्द उच्चारला नाही.

दुखणं काही दिवसांनी उतरलं. मग आला विश्रांतीचा काळ. खिडकीतून महामार्गाचा आवाज येत राही, माझे विद्यार्थी फोनवर विचारीत की मॅडम, प्रॅक्टिकल कधी, आणि मी पडल्या पडल्या त्यांना उत्तरं देत असे. स्वस्थ बसणं हे किती कठीण कर्म आहे! आपल्याला वाटतं, काही केलं म्हणजेच काही केलं. पण बी पेरल्यावर शेतकरी रोज माती उकरून बघतो का? त्याला नुसती राखण करावी लागते, आणि राखण ही दिसत नाही म्हणून ती मेहनत नव्हे असं कोण म्हणेल? मी भरपूर पाणी पीत होते, गोळ्या घेत होते, कुशीवर निजत होते, तारखेला शिरूर गाठत होते. बाळ वाढत होतं. गाठ होती तेवढीच राहिली होती. दर खेपेला मॅडम एकीकडे बाळ मोजत, दुसरीकडे शेजारीण मोजत, आणि मी त्या दोघींच्या... नाही, दोघांच्या म्हणावं, कारण तेव्हा कुठं काय माहीत होतं... त्या दोघांच्या मधल्या चिंचोळ्या जागेकडे पाहत असे. मला तिचा राग येईनासा झाला होता. मी घाबरलेही नव्हते. सावध होते एवढंच, आणि सावध माणसाला रात्री झोप लागते.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांची वाडी, झाकलेल्या वाट्यांमधून पेढा की बर्फी ते ओळखण्याचा खेळ. बायकांनी मला दोन्ही वाट्या उघडायला लावल्या, जुळं ना! सगळ्यांत आनंदी होती आई, कारण डोहाळजेवणानंतर ती मला दौंडला नेणार होती. पहिलं बाळंतपण माहेरचं. तिनं घरातली उजेडाची खोली सारवून ठेवली होती, डिंक निवडून ठेवला होता, अळीव, सुंठ, बाळंतशोपा डब्यांत भरून ठेवल्या होत्या. बाजेखालची शेगडीसुद्धा नवी आणली होती. इतक्या वर्षांनी तिच्या हातात लेकीसाठी काही करण्याचं काम आलं होतं. आणि आठव्या महिन्यात बाईला हलवत नाहीत, तेव्हा जायचं तर आत्ताच जायला हवं होतं.

पण त्याच आठवड्यात मॅडमनी सांगितलं की बाळ आडवं आहे. खालची जागा शेजारणीनं अडवलेली, तेव्हा ते डोकं खाली करील अशी आशा फारशी नाही. सिझेरियन करावं लागेल, ते दिवस भरण्याआधी ठरवून, आणि रक्ताची तयारी जवळ ठेवून. तोवर तुम्ही माझ्यापासून लांब जायचं नाही. दौंड म्हणजे ऊसतोडीच्या दिवसांत पारगावच्या पुलावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. तिथं अडकलात आणि रक्त सुरू झालं तर? त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मलाही ते पुरं करून घ्यायचं नव्हतं.

आईला हे मी अंगणात, त्या बाजेवर बसून सांगितलं. तिनं ऐकलं. वाद घातला नाही, रडली नाही. बाटलीतलं पाणी प्यायली, झाकण घट्ट लावलं आणि म्हणाली, "जीव महत्त्वाचा. ऱ्हा तू हितंच." मग उठून एसटीच्या थांब्याकडे चालू लागली. तिला पाठमोरी जाताना पाहणं मला त्या कळांच्या दिवसापेक्षाही जड गेलं. माझ्याजवळ राहायची सोय तिला नव्हती. लेकीच्या घरात महिनाभर राहायचं म्हणजे लेकीच्या घरचं खाणं-पिणं आलं, आणि ते तर ती करणार नव्हती. आता कूस उजवायला एवढं थोडं उरलेलं असताना तर मुळीच नाही. इतकी वर्षं पाळलेलं व्रत शेवटच्या वळणावर मोडलं आणि काही बरंवाईट झालं तर, हे भय तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं होतं. त्याला अंधश्रद्धा म्हणायला मला कितीसा वेळ लागला असता? पण मी म्हटलं नाही. मीही तर देवघरापुढे गुपचूप काय काय बोलले होते.

चारच दिवस गेले असतील. सकाळी एक छोटा टेम्पो अंगणात शिरला. त्यात पत्र्याची ट्रंक, नवी शेगडी, पाण्याची घागर, डबे, गोधड्यांचं बोचकं आणि पुढं ड्रायव्हरशेजारी आई. ती उतरली, पदर सावरला आणि थेट मामांपुढे येऊन उभी राहिली. "पाव्हणं," ती म्हणाली, "खोली रिकामी हाय का येखांदी? भाड्यानं पायजेल."

मामांना क्षणभर उमगलं नाही. आईनं सांगितलं की भाड्याची खोली म्हणजे तिचं घर. तिथली चूल तिची, घागर तिची, पाणी तिनं भरलेलं. तिथं ती कुणाच्या दारात नाही. लेक अंगण ओलांडून आली की माहेरी आली. "बाळातपन माहेरचं," ती म्हणाली, "आन् डाक्टरीन बाईबी जवळ." आत्या उंबऱ्यात उभ्या होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला, हसू लपवायला की रडू, ते कळलं नाही. मामा म्हणाले, "विहीणबाई, भाडं कसलं घ्यायचं तुमच्याकडनं?" तसा आईचा चेहरा कठोर झाला. भाडं घेतलं नाही तर खोली फुकटची झाली, फुकटची झाली तर ती जावयाची झाली, आणि मग सगळंच मुसळ केरात! अखेर भाड्यापोटी टेम्पोतून गुळाची एक ढेप उतरली. आमच्याच उसाची, आप्पांनी गुऱ्हाळावरून आणलेली. मामांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि आपल्या कायद्याप्रमाणे खोलीची किल्ली भाडेकरणीच्या हाती दिली.

त्यानंतरचे ते आठवडे! दुपारचं जेवण झालं की मी चपला घालून माहेरी निघायची. आत्या मुद्दाम दारापर्यंत येऊन निरोप देत, "सांजच्याला ये गं परत." मधलं अंगण म्हणजे सासर-माहेरामधली भीमा, आणि मी ती तुळशीला वळसा घालून पार करायची. आईच्या खोलीत शेगडीवर काहीतरी शिजत असे. ती माझ्या पायांना तेल लावी, पोटावर हात ठेवून आडवं बाळ चाचपून बघे आणि त्याला दटावून म्हणे, "लोळतंय निस्तं! बापावर गेलंय." तिच्या खोलीतून डिंकाचे लाडू आमच्या घरात येत, आमच्या घरातून तिच्या खोलीत काही जात नसे, आणि आता आत्यांना त्याचं वाईटही वाटत नसे. एवढंच काय, दुपारी आत्याच भाडेकरणीकडे गप्पांना जाऊन बसू लागल्या. एका रीतीतून असा आडमार्ग काढून तिला न मोडता पुढं जाणं हे आमच्या बायकांना कुणी शिकवलं असेल? मी तरी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

शस्त्रक्रियेचा दिवस ठरला आणि रक्ताची गरज सांगितली गेली, तेव्हा मामांच्या खोल्यांचे दरवाजे एकेक करून उघडले. रात्रपाळी करून आलेली पोरं न झोपता शिरूरला निघाली. "भाभी, टेन्शन मत लो," त्यातला एक बिहारी मुलगा मला म्हणाला, "हम लोग हैं ना." ज्याला मामा लई त्रास देणारा म्हणत, तो भाडेकरूसुद्धा त्यांच्यात होता, आणि मामा त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

कमरेखाली बधिर, वर पूर्ण जागी, अशी मी त्या पांढऱ्या दिव्याखाली पडले होते. आत नेताना मॅडमनी पुन्हा विचारलं होतं, वेळ आलीच तर गर्भाशय काढावं लागेल, तुमची संमती आहे ना? आहे, मी म्हटलं. मग काही वेळ नुसती ओढाताण जाणवत राहिली, आणि एकदम, त्या हिरव्या कापडापलीकडून, रागावल्यासारखं रडणं आलं. मुलगी! त्यांनी ती माझ्या गालाशी आणली. ओली, उबदार, कुरकुरणारी. मी तिला नीट पाहते आहे तोच मॅडमचा आवाज बदलला. छोटी छोटी वाक्यं, भराभर. कुणीतरी रक्ताची पिशवी टांगली, कुणीतरी दुसरं इंजेक्शन मागितलं, मुलीला पलीकडे नेलं. छतावरच्या दिव्याकडे पाहत मी तेव्हा एकच विचार केला: ती आली आहे. आता माझं काय व्हायचं ते होवो, हे मात्र मी मुळीच म्हटलं नाही. मला जगायचं होतं, तिच्यासाठी आणि माझ्यासाठीही, आणि मी ते मनातल्या मनात अगदी ठणकावून सांगत होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग मॅडम माझ्या डोक्याशी आल्या, मास्कच्या वरचे त्यांचे डोळे दमलेले होते. "थांबलं," त्या म्हणाल्या. "सगळं जागेवर आहे. शेजारीणही. तिला हात लावला नाही."

ती अजून आहे. पुढच्या तपासणीत ती बरीच आक्रसलेली दिसली. पुढे काढायची की तशीच राहू द्यायची, ते आम्ही सवडीनं ठरवू. तिच्याबद्दल माझ्या मनात प्रेम नाही आणि वैरही नाही. देहात काय काय नांदतं आणि त्यातलं किती आपल्याला विचारून आलेलं असतं! सगळं निवळल्यावरच आयुष्याला सुरुवात करू असं जर मी म्हटलं असतं, तर माझ्या मांडीवर आज कोण असतं?

रुग्णालयातून आम्ही घरी आलो तेव्हा अंगणात सगळे भाडेकरू जमले होते. एकच बाळ पाहून एकीनं विचारलंच, दुसरं कुठाय? आत्या म्हणाल्या, "मोजायला चुकलो बया!" आणि भाकरतुकडा ओवाळून टाकू लागल्या. मी मुलीला घेऊन उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं. मागं वळून पाहिलं तर आई सवयीनं अंगणातच उभी. सगळे आत आले, सतीश आला, मामा आले, ती तिथंच. मग तिनं चपला काढल्या. पदर डोक्यावरून नीट घेतला, देवळात शिरावं तशी वाकून उंबऱ्याला हात लावला आणि आत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन ती भिंतीला टेकून बसली. आणि आत्यांकडे बघत, लहान मुलीनं मागावं तसं म्हणाली, "विहीणबाई, मला लई तहान लागली हाय."